गारपगाऱ्याची रिकामी जागा

वऱ्हाड-नागपूरकडील जुन्या गावगाड्यात गारपगारी म्हणून एक माणूस असे. नाथपंथी परंपरेतील या माणसाकडे गावाने एकच काम सोपविलेले असे, ते म्हणजे शिवारावर चालून येणारी गारपीट मंत्राने परतवून लावणे. आभाळ काळवंडून आले की तो मारुतीच्या देवळाकडे धाव घेई आणि गारांनी गावाची शीव सोडून जावे म्हणून मंत्रतंत्र करी. त्याबद्दल कुणबी सुगीच्या दिवसांत त्याच्या पदरात धान्य घालीत. इंग्रजी अमलातील मध्य प्रांताच्या जातिविषयक ग्रंथांत या व्यवसायाची सविस्तर नोंद आहे. हे नाव धारण करणारा समाज आजही विदर्भात आहे. तथापि मंत्राचा तो व्यवसाय आता मागे पडला आहे.

मंत्राने गार परतत नाही, हे सांगण्यासाठी आज कोणा विद्वानाची गरज नाही. परंतु त्या प्रथेतील एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माघापासून चैत्रापर्यंत आकाशाकडे लक्ष ठेवणे, हे गावातील एका ठरलेल्या माणसाचे काम होते आणि त्या कामासाठी गाव धान्य मोजत होता. प्रथा गेली ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ती जागाही गेली. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, प्रत्येक घरात भ्रमणध्वनी आहे. असे असूनही “आज दुपारच्या आत हरभऱ्याचे ढीग झाका” हे निरोपाचे एक वाक्य वस्तीवस्तीवर पोहोचविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे बहुतेक गावांत ठरलेले नसते.

गारपिटीचा काळ आणि रब्बीच्या सुगीचा काळ एकच यावा, यामागे हवामानाचे सरळ कारण आहे. हिवाळ्याच्या अखेरीस भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ हिमालयाच्या दिशेने सरकत असतात. त्यांच्यामुळे उंचावरील थंड हवा कधी कधी बरीच दक्षिणेकडे उतरते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओलसर वारे महाराष्ट्राच्या पठारावर आले आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली असली, म्हणजे खालची उबदार, दमट हवा वेगाने वर चढते व काही तासांत प्रचंड उंचीचे ढग उभे राहतात. त्या ढगांत पाण्याचे थेंब गोठतात, वर जाणाऱ्या झोतावर तरंगत राहतात आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. मोठी गार मधोमध कापून पाहिली, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात ते यामुळेच. झोताला वजन पेलवेनासे झाले की गार खाली येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवेतील गोठणबिंदूची पातळी पावसाळ्याच्या मानाने खाली असल्याने वाटेत विरघळायला तिला कमी अवधी मिळतो. सुपारीएवढी गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. त्यात वादळी वाऱ्याची भर पडली, तर ती तिरपी येते आणि उभ्या गव्हाची ताटे मधोमध मोडून टाकते.

२०१४ साली हे सर्व महाराष्ट्राने एका वेळी पाहिले. एरव्ही गारपीट एखादा दिवस धिंगाणा घालून निघून जाते. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेला हा प्रकार मार्चच्या मध्यापर्यंत थांबत-थांबत चालूच राहिला. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना त्याची झळ लागली. गहू, हरभरा, रब्बी ज्वारी व कांदा ही पिके तर गेलीच. द्राक्षाचे तयार घड, डाळिंबाच्या बागा, संत्र्याची झाडे आणि आंब्याचा मोहोर यांचीही धूळधाण झाली. काही ठिकाणी शेतांवर गारांचा पांढरा थर पसरला होता आणि लोक तो पाहायला जमत होते. पाहणाऱ्यांत त्या शेताचा मालकही असे, ही गोष्ट छायाचित्रे छापताना अनेकांच्या ध्यानात आली नाही. त्यातच ५ मार्च रोजी लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाल्याने मदतीच्या घोषणेलाही निवडणूक आयोगाच्या संमतीची वाट पाहावी लागली. त्यानंतर २०१८ च्या फेब्रुवारीत आणि २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा गारा आल्या. तेव्हा हे शंभर वर्षांतून एकदा येणारे संकट आहे, अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही.

वादळाची पूर्वसूचना म्हणजे काय, आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, हे समजण्यासाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानी प्रदेशात १३ व १४ मार्च २०१९ रोजी वसंतातले एक अतिप्रचंड वादळ आले. एकाच वादळाच्या एका अंगाला कोलोरॅडो, नेब्रास्का, साउथ डकोटा या राज्यांत झंझावाती वाऱ्यासह हिमवर्षाव झाला, तर दुसऱ्या अंगाला दक्षिणेत विजांचा कडकडाट व सोसाट्याचे वारे सुटले. जमीन अजून गोठलेली होती. तिच्यात पाणी मुरेना. पाऊस आणि वितळलेले बर्फ एकदम नद्यांत उतरले आणि नेब्रास्कातील नायोब्रारा नदीवरचे स्पेन्सर धरण फुटले. तो हंगाम तेथील गाई विण्याचा. उघड्या माळावर नुकती जन्मलेली वासरे गारठून व पुरात दगावली. शेतकऱ्यांनी मोठ्या लोखंडी कणग्यांत साठविलेला मका व सोयाबीन भिजून फुगला आणि कणग्या उसवल्या. या वादळाची सूचना काही दिवस आधी मिळालेली होती, कारण ते अनेक राज्ये व्यापण्याइतके मोठे होते आणि एवढ्या मोठ्या वादळाची चाल आधीपासून गणिताने काढता येते. तरीही नुकसान टळले नाही. सूचना कानावर पडणे आणि वासरू आडोशाला नेणे, यांमध्ये कोणाला तरी प्रत्यक्ष काम करावे लागते.

महाराष्ट्रातील गारपीट याच्या अगदी उलट स्वरूपाची आहे. तिचा ढग लहान असतो, पट्टा अरुंद असतो. ती चार गावांना झोडपते आणि पाचव्या गावात धूळही बसवीत नाही. म्हणून कोणत्या जिल्ह्यात धोका आहे, हे हवामान खाते चार-पाच दिवस आधी सांगू शकते. पण कोणत्या गावावर गार पडेल, हे आदल्या दिवशी जगातील कोणतेही खाते सांगू शकत नाही. ते समजते ढग उभा राहिल्यावर, म्हणजे दोन-तीन तास अगोदर. अहिल्यानगर जिल्ह्याचे क्षेत्र १७ हजार चौरस किलोमीटरांचे आहे. “जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट” ही सूचना अकोल्याच्या डोंगरातील शेतकऱ्याने ऐकावी आणि जामखेडच्या शेतकऱ्यानेही ऐकावी, आणि दोघांच्याही शेतावर तो दिवस कोरडा जावा, असे अनेकदा घडते. मग तिसऱ्या खेपेला शेतकरी ऐकत नाही. त्याला निष्काळजी म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक तो हिशेब करीत असतो, आणि त्याला मिळालेल्या माहितीवरून केलेला तो हिशेब फारसा चुकीचाही नसतो.

कृषी सहायकाचे खरे काम येथे सुरू होते. सूचना जशीच्या तशी पुढे ढकलणे, हे काम यंत्रही करते. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला, दर तीन तासांनी बदलणारा तात्कालिक अंदाज आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांसाठी तयार केलेले ‘दामिनी’ हे सर्व शेतकऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीवर येऊ शकते. त्या सूचनेचा आपल्या गावच्या आजच्या पिकाशी संबंध जोडून देणे मात्र माणसालाच जमते. तो जोडताना एक भेद कसोशीने पाळावा. काही उपाय असे असतात, की वादळ न आले तरी त्यांत फारसे काही वाया जात नाही. काही उपाय असे, की वादळ न आले तर ते स्वतःच नुकसान ठरतात. पहिल्या प्रकारचे उपाय प्रत्येक सूचनेसरशी करावेत. दुसऱ्या प्रकारचे सांगताना जीभ आवरावी. दाणा दुधात असलेला गहू गारेच्या भीतीने कापून टाकण्यास सांगणारा कार्यकर्ता गारेपेक्षा निश्चित नुकसान करतो.

सर्वांत अधिक जे वाचविता येते, ते कापलेले पीक. उभ्या पिकावर गार आली तर मनुष्याचा इलाज थोडा. परंतु हरभरा उपटून शेतात लहान लहान ढीग घातलेले आहेत, ज्वारीची कणसे खुडून खळ्यावर पसरली आहेत, आणि मळणी यंत्राची पाळी आठ दिवसांनी येणार आहे, या अवस्थेतील पीक ज्या गावी भिजते, तेथे दोष एकट्या आभाळाचा नसतो. भिजलेली ज्वारी काळी पडते, तिचा भाव निम्म्यावर येतो आणि कडब्यालाही बुरशी धरते. हरभऱ्याचे भिजलेले घाटे ढिगात तापतात व दाण्याला मोड येतात. यासाठी या तीन महिन्यांत एक नियम कटाक्षाने पाळण्यासारखा आहे: जेवढे त्या दिवशी झाकता येईल तेवढेच कापावे. मजुरांची टोळी एकदाच मिळते म्हणून सगळे रान एका दिवसात आडवे करण्याकडे कल असतो, आणि त्यात शेतकऱ्याची अडचण खरीच आहे. परंतु मजुरांची सोय पाहून कापणी करावी आणि झाकण्याची सोय देवावर सोडावी, हा व्यवहार मार्चमध्ये महाग पडतो.

झाकण्याचेही शास्त्र आहे. ढीग सखल जागी घालू नये; खळ्याच्या उंच बाजूला, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरून घालावा आणि भोवती वीतभर खोल चर काढून पाण्याला वाट करून द्यावी. ताडपत्री नुसती वर टाकून कोपऱ्यांवर दगड ठेवणे निरुपयोगी आहे, कारण गारपिटीआधीचा वारा ती प्रथम उडवून नेतो. दोर आरपार टाकून दोन्ही अंगांना खुंट्यांना बांधावा. पाऊस उघडला की ताडपत्री काढून ढीग हलवावा. हे शेवटचे काम हमखास राहते आणि पावसाने न भिजलेला माल आतल्या वाफेने खराब होतो. ज्याच्याकडे ताडपत्री नाही, त्याने शेजाऱ्याची मागावी हे सांगणे सोपे आहे. पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी ती शेजाऱ्यालाही लागते. म्हणून सेवा सहकारी सोसायटीने किंवा शेतकरी कंपनीने अवजार बँकेत नांगर-पेरणीयंत्रांबरोबर दहा-वीस जाड ताडपत्र्या ठेवून हंगामात भाड्याने दिल्या, तर तो खर्च एका भिजलेल्या खळ्याच्या किमतीत निघेल. मळणी यंत्रांच्या पाळ्याही याच पद्धतीने आधी ठरविता येतात. ज्यांचे पीक कापून पडले आहे त्यांची पाळी आधी, ज्यांचे उभे आहे त्यांची नंतर, एवढा साधा क्रमही अनेक गावांत ओळखीपाळखीपुढे टिकत नाही.

उभ्या गव्हाला वादळी वाऱ्याची सूचना असता पाणी देऊ नये; ओल्या जमिनीत मुळांची पकड सैल होऊन पीक लोळते. काढलेला कांदा पातीसकट शेतात वाळत असेल तर तो गोळा करून झाकावा, आणि भिजलाच तर पूर्ण सुकल्यावाचून चाळीत भरू नये. फळबागांच्या बाबतीत मात्र आधी करण्यासारखे थोडे आहे. तयार घड व फळे उतरवून घ्यावीत, बेदाण्याच्या शेडचे पडदे बांधावेत, इतकेच. गारारोधक जाळ्या हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांवर दिसतात. इकडील लहान बागायतदाराला तो खर्च अनुदानाशिवाय पेलणार नाही. धमाक्याने गारांचे ढग फोडण्याच्या तोफा विकणारेही अधूनमधून येतात. जागतिक हवामान संघटनेने अशा तोफांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्यांवर पैसा घालणे म्हणजे गारपगाऱ्याला पुन्हा धान्य घालणे, आणि तेही अवाच्या सव्वा.

गार पडून गेल्यावर बागेत जखमांवरचा उपचार लवकर झाला पाहिजे. डाळिंबावर तेल्या रोगाचे जंतू याच जखमांतून शिरतात. मोडलेल्या फांद्या छाटून मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावावे व झाडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. द्राक्षाच्या काडीला मार बसला असेल, तर पुढील वर्षाच्या फळावरही परिणाम होतो; तेव्हा खरड छाटणी कशी घ्यावी हे तज्ज्ञाला बाग दाखवूनच ठरवावे. आणि बाग तोडून टाकण्याचा निर्णय त्या आठवड्यात कोणी घेऊ नये. मोडलेल्या बागेत उभ्या असलेल्या माणसाजवळ त्या दिवसांत कोणीतरी वरचेवर जाऊन बसणे, हेही विस्ताराचेच काम आहे.

माणसे आणि जनावरे यांच्याविषयी मात्र हिशेब मांडीत बसू नये. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचण्याच्या टप्प्यात माणूस आला, असे समजावे. शेतात काम करणाऱ्यांनी तेव्हाच पक्क्या घराकडे निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. एकट्या झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट, आणि दुर्दैवाने पावसाची सर आली की पाय तिकडेच वळतात. मेंढपाळांची स्थिती अधिक कठीण असते. त्यांचा वाडा उघड्या रानात असतो, आणि गावच्या व्हॉट्सॲप गटात त्यांचे नाव नसते. सूचनेच्या दिवशी शाळेचे किंवा समाजमंदिराचे आवार त्यांना उघडून देण्यास कोणाची हरकत असू नये. पत्र्याच्या शेडवरही भरवसा ठेवू नये. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळात मोठा कडुनिंब मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि पावसापासून आडोशाला उभी असलेली सात माणसे मृत्युमुखी पडली.

यानंतर प्रश्न उरतो तो नुकसानीच्या नोंदीचा. येथे गारपिटीच्या अरुंद पट्ट्याचा दुसरा परिणाम दिसतो. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस मोजते, वारा मोजते. गार मोजत नाही. ते केंद्र पट्ट्याच्या बाहेर असेल, तर त्या दिवशी मंडळात काही घडलेच नाही असे त्याचा कागद सांगतो. पीक कापणी प्रयोगाची स्थिती अशीच आहे. मंडळातील मोजके प्लॉट निवडून त्यांवरून सरासरी काढतात. दुष्काळ किंवा अतिवृष्टी सर्वदूर असते म्हणून तेथे ही सरासरी न्याय देते. वीस गावांच्या मंडळात गार दोनच गावांवर पडली, तर ती सरासरीत बुडून जाते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत यासाठीच स्थानिक आपत्तीची वेगळी तरतूद होती आणि शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना दिल्यावर त्याच्या शेताची पाहणी होत असे. त्या पाहण्यांत गैरप्रकार झाले, तक्रारी झाल्या, हे खरे. तथापि २०२५ च्या खरीप हंगामापासून राज्याने भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर आणली, तेव्हा गैरप्रकारांबरोबर खरा गारपीटग्रस्तही बाहेर फेकला गेला. गारेचे नुकसान सरासरीने मोजता येत नाही. ते गटनिहायच मोजावे लागते. या एका आपत्तीपुरती वैयक्तिक पाहणीची तरतूद पूर्ववत असणे अगत्याचे आहे.

विमा नसता आधार राहतो तो आपत्ती निवारण निधीतील मदतीचा, आणि तिच्यासाठी किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते. २०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून हा पंचनामा करतात. या पदांची नावे अलीकडे बदलली असली, तरी गाव त्यांना जुन्याच नावांनी ओळखतो. ३० टक्के आणि ३५ टक्के यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. पण कुटुंबाच्या वर्षात तो पडतो. म्हणून बांधावरून अंदाज न करता शेतात आत जाऊन, चार ठिकाणी चौरस मीटर आखून, मोडलेली व शाबूत ताटे मोजून टक्केवारी लिहावी. मोजलेला आकडा कोणी खोडून काढू शकत नाही, आणि वशिल्याने वाढविलेलाही त्याच्यापुढे उघडा पडतो.

हे सर्व कोणी करावे, हा प्रश्न गारपीट आल्यावर सुटत नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारीला ग्रामसभा भरते आणि गारांचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो, हा योग चांगला आहे. त्या सभेत दोन माणसे नावानिशी नेमावीत. एक शेतावर गेला तर दुसरा गावात असावा. चैत्र संपेपर्यंत रोज सकाळी व दुपारी अंदाज पाहणे, धोका दिसताच देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून व वस्त्यांवर माणूस धाडून कळविणे, हे त्यांचे काम. ग्रामपंचायतीने स्वनिधीतून त्यांना थोडे मानधन द्यावे; फुकटचे काम पहिल्या दोन कोरड्या दिवसांनंतर बंद पडते. त्यांच्याजवळ गावाचा गटनकाशा आणि एक वही असावी. गार पडली तर तिने किती वाजता सुरुवात केली, किती मिनिटे पडली, हरभऱ्याएवढी होती की लिंबाएवढी, कोणत्या गटापासून कोणत्या गटापर्यंत पट्टा गेला, हे त्याच संध्याकाळी नकाशावर पेन्सिलीने आखावे आणि पंचांच्या सह्या घ्याव्यात.